उदारमतवाद आणि वऱ्हाडची सरहद्द

इ. स. १६२९ च्या जुलै महिन्यात सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाहाच्या भेटीसाठी दौलताबादच्या किल्ल्यात गेले. बरोबर त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव हे होते. चौघांपैकी एकही जिवंत परत आला नाही. आरोप सांगितला गेला नाही, जबाब घेतला गेला नाही, निवाडा झाला नाही. शाहाच्या मनात आले आणि दरबारातच चौघे कापले गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लखुजींच्या कन्येच्या, जिजाबाईंच्या, पोटी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. त्यामुळे दौलताबादचा हा प्रसंग महाराष्ट्रात बहुधा एका मोठ्या पराक्रमाची प्रस्तावना म्हणूनच सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच कोणी पाहतो. एका माणसाच्या मर्जीखेरीज दुसरा कोणताही अडसर चार माणसांच्या जिवाला नव्हता, ही ती बाजू होय.

यासाठी एकट्या निजामशाहाला दूषण देण्याचे कारण नाही. त्याच वर्षी, म्हणजे १६२९ च्या मार्च महिन्यात, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने पार्लमेंट मोडून टाकले आणि सर जॉन एलियट व त्याचे काही सोबती यांस तुरुंगात घातले. आदल्याच वर्षी पार्लमेंटाने हक्कांचा अर्ज पुढे करून कारण दाखविल्यावाचून कोणास कैद करू नये, असे राजाकडून कबूल करून घेतले होते. तरीही हे घडले. एलियट १६३२ साली लंडनच्या टॉवरमध्येच मेला. राजेलोकांची वृत्ती सर्वत्र एकच होती. भेद पडला तो पुढे. इंग्लंडात अर्ज होता, अर्जाचा भंग झाला ही तक्रार होती, आणि ती तक्रार पुढच्या पन्नास वर्षांत एका राजाचे शिर घेऊन, दुसऱ्या राजाच्या कारकीर्दीत १६७९ साली बंदीस न्यायाधीशापुढे हजर करण्याचा कायदा होऊन शांत झाली. दौलताबादेस तक्रार करण्याची जागाच नव्हती. जिजाबाईंच्या पुत्राने ती तक्रार तलवारीने मांडली.

ज्या राजकीय पंथास मराठीत उदारमतवाद म्हणतात, त्याचा उगम या तक्रारीत आहे. ‘उदार’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. उदार म्हटले की दानशूर, क्षमाशील असा धनी डोळ्यांपुढे येतो. या पंथाला तसला धनी अभिप्रेत नाही. राजा उदार असो वा कृपण, प्रजेचा जीव, घर, जिनगी, देव आणि जीभ या गोष्टी त्याच्या स्वभावावर अवलंबून राहू नयेत, एवढेच त्याचे मूळ मागणे. मग त्यातून एकेक गोष्ट निघत जाते. राजाच्या वर कायदा हवा. तो कायदा सर्वांस सारखा हवा. ज्यांना तो पाळावयाचा त्यांच्या संमतीने तो व्हावयास हवा. संमती खरी असावी म्हणून बोलण्याची, छापण्याची, सभा भरविण्याची मोकळीक हवी. आणि दुसऱ्याला इजा होत नाही तोपर्यंत माणसाने काय मानावे व कसे राहावे हे ठरविण्याचा हक्क त्याचा त्याला हवा. सतराव्या शतकात लॉकने व एकोणिसाव्या शतकात मिल्लने या विचारांना शास्त्राचे रूप दिले. ग्रंथांत ते एकसंध दिसतात. प्रत्यक्ष मुलखात उतरले म्हणजे त्यांची कशी ओढाताण होते, हे पाहावयास वऱ्हाडासारखा प्रांत नाही.

सिंदखेडच्या जाधवांचीच एक शाखा जवळच्या देऊळगाव राजा येथे नांदत होती. तेथील बालाजीचे देवस्थान या जाधवांच्या आश्रयाने वाढले आणि आश्विनातील त्याच्या उत्सवास दूरदूरचे लोक लोटू लागले. गाव बुलढाणा जिल्ह्याच्या अगदी दक्षिण कडेला आहे. तेथून जालना वीस मैलांच्या आत. भाषा एक, पीकपाणी एक, सोयरिकी एकमेकांत, बालाजीचे भक्त दोन्हीकडचे. परंतु १८५३ पासून १९४८ पर्यंत या वीस मैलांत एक सरहद्द होती. तिच्या अलीकडे इंग्रजांचा कारभार, पलीकडे निजामाचा.

ही सरहद्द कशी पडली हे सांगणे अवश्य आहे. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता. तो थकला, कर्ज चढले, आणि १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व आणखी काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले. दिले म्हणजे विकले नाहीत; स्वामित्व निजामाचेच राहिले, वहिवाट तेवढी इंग्रजांची. १८६० साली नवा तह होऊन इतर जिल्हे परत गेले, वऱ्हाड राहिले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून ते सालीना २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमचे लिहून घेतले, आणि १९०३ च्या ऑक्टोबरपासून ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडले. एका विचित्र योगायोगाकडे येथे लक्ष वेधते. १८५३ चा तह झाला त्या काळी लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये देशी संस्थानिकांसंबंधीच्या खलित्यांचे मसुदे तयार करण्याचे काम ज्या अधिकाऱ्याकडे होते, त्याचे नाव जॉन स्टुअर्ट मिल्ल. सहाच वर्षांनी, १८५९ साली, त्याने स्वातंत्र्यावरील आपला प्रसिद्ध निबंध छापला, आणि त्याच निबंधात हे तत्त्व मागासलेल्या समाजांस लागू नाही असेही नमूद करून ठेवले. वऱ्हाडचे सारे पुढचे भांडण या एका अपवादाशी आहे म्हटले तरी चालेल.

कारण वऱ्हाडात इंग्रजी राज्य आले, पण इंग्रजी राज्याची घटना आली नाही. कायद्याच्या नजरेने हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हता. त्यामुळे कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर-जनरलने परराष्ट्र खात्यातून जाहीरनामा काढावयाचा, अमुक कायदा अमुक फेरफारांसह वऱ्हाडास लागू केला आहे असे म्हणावयाचे, की झाला कायदा. खास वऱ्हाडापुरते जे नियम केले जात त्यांस ‘ॲक्ट’ हे नावही मिळत नसे. म्युनिसिपालिट्यांचा १८८६ चा ‘लॉ’, ग्रामीण बोर्डांचा १८८५ चा ‘लॉ’, असे ते म्हटले जात. ॲक्ट विधिमंडळात होतो, लॉ कचेरीत झाला तरी भागते, असा हा भेद. वकिलांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब असेल; उदारमतवाद्याच्या दृष्टीने सगळा प्रश्न येथेच होता. कायदा लिहिलेला आहे, छापलेला आहे, सर्वांस सारखा लावला जातो; तरी तो करताना ज्यांना विचारावयाचे त्यांना विचारलेच जात नाही. असा कायदा हुकमाहून कितपत वेगळा?

तथापि हा हुकूमच होता असे म्हणून मोकळे होणेही न्यायाचे नाही. १८५३ नंतर वऱ्हाडच्या रयतेला जमिनीची मोजणी मिळाली, ठरलेला सारा मिळाला, आपल्या शेताचा कागद मिळाला. मामलेदाराविरुद्ध वर दाद मागता येऊ लागली. अकोल्यास व अमरावतीस हायस्कुले निघाली, वर्तमानपत्रे निघाली. जहागिरदाराच्या अरबांचा धाक जाऊन कोर्टाच्या बेलिफाचा धाक आला. हा धाक सौम्य नव्हता, हे ज्यांची शेते सावकाराच्या हुकूमनाम्यात गेली त्यांस चांगले ठाऊक होते. पण बेलिफ निदान कागद दाखवीत असे.

या कागदावरच वऱ्हाडातील पहिल्या उदारमतवाद्यांनी आपली सारी भिस्त ठेवली. त्यांचे अग्रणी रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर. जन्म १८५७ सालचा, धुळ्याचा. वकिलीचे क्षेत्र अमरावती. १८८६ साली वऱ्हाड सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे जसे विधिमंडळात होतात तसेच वऱ्हाडचेही व्हावेत, ही मागणी पुढे राष्ट्रसभेच्या ठरावांतूनही मांडली गेली. ती ऐकण्यात आज नीरस वाटेल. तिच्यात ना घोषणा, ना आवेश. परंतु परक्या सत्तेला तिच्याच तत्त्वांच्या तराजूत तोलण्याचे धैर्य त्या नीरस वाक्यांत होते.

१८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, अध्यक्ष मद्रासचे शंकरन् नायर. ते साल महाराष्ट्राला फार कठीण गेले होते. पुण्यात प्लेग, प्लेगाच्या बंदोबस्तातील जुलूम, जूनमध्ये रँडवर गोळी, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सजा. टिळकांवर खटला तरी झाला. पुण्याचे सरदार नातू बंधू यांस मात्र जुलै महिन्यात उचलून कैदेत टाकण्यात आले ते खटल्यावाचून. १८२७ च्या मुंबई सरकारच्या एका जुन्या रेग्युलेशनाच्या आधाराने. आरोप काय, पुरावा काय, सुटका केव्हा, यांपैकी कशाचाही उलगडा करण्यास सरकार बांधलेले नव्हते. १६२९ ची मर्जी १८२७ च्या कलमात बसून पुन्हा आली होती. अमरावतीच्या सभेने या रेग्युलेशनांचा निषेध केला, आणि नातूंवर आरोप असेल तर त्यांची न्यायासनापुढे चौकशी करावी, नाहीतर त्यांस सोडावे, असे मागितले. नातूंची मते सभेतील कित्येक सुधारकांना मुळीच मान्य नव्हती. पुण्यात ते सनातनी पक्षाचे मोठे आधारस्तंभ गणले जात. तरीही ठराव झाला. उदारमतवादाची खरी कसोटी अशाच वेळी लागते. आपल्या मित्रासाठी न्याय मागणे कोणासही साधते. नातू बंधू १८९९ साली सुटले. खटला शेवटपर्यंत झाला नाही.

या अधिवेशनाच्या आदल्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी उदारमतवादाची मराठी मुलखातील पहिली रेखीव व्याख्या केली होती. सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेल्यावर १८९६ साली रानड्यांनी डेक्कन सभा काढली, आणि तिच्या उद्देशपत्रिकेत दोन शब्दांचा खुलासा केला. उदारमत म्हणजे वंश व धर्म यांच्या पूर्वग्रहांपासून सुटका, आणि माणसामाणसांत न्याय व्हावा म्हणून अखंड निष्ठा. राज्यकर्त्यांना कायद्याच्या पोटी येणारी राजनिष्ठा द्यावयाची, पण कायद्याच्याच पोटी प्रजेला येणारी समता वसूल करावयाची. दुसरा शब्द मर्यादा अथवा नेमस्तपणा. दूरच्या अशक्य ध्येयामागे न धावता नित्य पुढचे एक पाऊल, तडजोडीच्या व सचोटीच्या बुद्धीने, टाकावयाचे. रानड्यांनी हे दोन शब्द शेजारी ठेवले खरे, पण ते जुळे नव्हते. पहिला ध्येयाचा आहे, दुसरा चालीचा. पुढील पंचवीस वर्षांत लोकांच्या मनात चालीनेच ध्येय झाकून टाकले. ‘नेमस्त’ हा शब्द आदराचा होता तो चेष्टेचा झाला, आणि त्याच्या जागी ‘मवाळ’ आला. मवाळ म्हणजे ज्याला दात नाहीत तो, असाच बाजारी अर्थ होऊन बसला.

ही चेष्टा सर्वस्वी अन्यायाची होती असे नाही. १९०७ च्या नोव्हेंबरात सभाबंदीचे बिल आले तेव्हा नामदार गोखले वरिष्ठ कौन्सिलात त्याच्याविरुद्ध मोठ्या निकराने बोलले. त्याच वर्षी लाला लजपतराय यांना चौकशीवाचून हद्दपार केले त्याचाही त्यांनी निषेध केला. परंतु १९१० साली छापखान्यांवर जामिनाची टाच आणणारा कायदा आला, तेव्हा त्याच गोखल्यांनी त्याला सरळ विरोध केला नाही. देशात बाँब फुटत होते, आणि सुधारणांचा नवा डाव मोडेल ही धास्ती त्यांच्या मनात होती. धास्ती प्रामाणिक होती. पण नेमस्तपणाने उदारमताला गिळले, असा तो प्रसंग खरा.

अर्थकारणात याच पंथाला वेगळ्याच संकटातून जावे लागले. विलायतेतील उदारमतवाद्यांचा एक वेद होता: व्यापार मोकळा सोडा, सरकारने हात घालू नये. या मोकळ्या व्यापाराचे वारे वऱ्हाडाइतके क्वचितच कोठे वाहिले असेल. १८६१ साली अमेरिकेत यादवी माजली, मँचेस्टरला तेथला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचे मोल आले. आगगाडी १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. खामगावची कापसाची पेठ इतकी भरली की तिच्यासाठी लोहमार्गाचा वेगळा फाटा काढून १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी तो उघडला. ज्वारीच्या शेतात कापूस आला, गाठी मुंबईला गेल्या, पैसा आला. मग १८९९ साली पाऊस गेला. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून लोक ज्याची आठवण काढीत, तो हा. पैसा असला तरी धान्य परवडेना, आणि मजुराजवळ तर पैसाही नव्हता. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरली. दहा वर्षांत वाढ राहिली बाजूलाच, दीड लाखाच्या जवळपास माणसे कमी झाली. सरकारने दुष्काळी कामे काढली, अन्न दिले, हे खरे; पण धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही, हे सूत्र सुटले नाही.

रानड्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. १८९२ साली पुण्यास हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी स्पष्ट सांगितले की, विलायती अर्थशास्त्राची सूत्रे त्रिकालाबाधित नव्हेत. ती ज्या समाजावरून बांधली तो समाज वेगळा, हा वेगळा. येथे धंदे उभारावयाचे, शेतकऱ्याला कर्जातून सोडवावयाचे, तर सरकारने अंग चोरून चालणार नाही. आयुष्यभर ज्याने मिल्लचे व इंग्रजी घटनेचे गुण गायिले, त्याने बाजाराच्या बाबतीत गुरूचा हात सोडला, ही गोष्ट लहान नव्हे. मराठी उदारमतवाद ही विलायतेची नक्कल होती, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याला या एका व्याख्यानाइतके चोख उत्तर दुसरे नाही.

राजाची मर्जी ही एक जुलमाची जात झाली. दुसरी जात घरातली. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकांच्या हाताखाली एक अत्यंत गरीब मुलगा शिकला आणि तेथूनच १८७५ साली मॅट्रिक झाला. तो गोपाळ गणेश आगरकर. पुढे ‘केसरी’चे पहिले संपादक, टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवसांचे कैदी, आणि १८८८ पासून ‘सुधारका’चे चालक. सरकारचा जुलूम एकवेळ वर्तमानपत्रात मांडता येतो. जातीचा, भटजीचा, सासरचा जुलूम मांडावयास जागा नाही, म्हणून त्यांनी ती जागा निर्माण केली. त्याबद्दल पुण्यातील लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९१ साली संमतीवयाचे बिल आले. विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करावयाचे, एवढीच त्यातील बाब. टिळकांचा पक्ष म्हणे, परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. या म्हणण्यातही उदारमताचा अंश होता, हे मान्य केले पाहिजे. आगरकरांचा प्रश्न एकच होता: त्या दहा वर्षांच्या मुलीचे घर कोणते? कुटुंबाच्या स्वातंत्र्याखाली जर कुटुंबातील माणूसच चिरडला जात असेल, तर ते स्वातंत्र्य कोणाचे?

या वादाचे पुढचे पान पुन्हा वऱ्हाडात उघडते. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी हे मुधोळकरांच्याच परंपरेतील. १९२५ साली लिबरल फेडरेशनचे अध्यक्ष. १९२८ साली सरकारने संमतीवयाच्या प्रश्नाचा विचार करण्यास जी कमिटी नेमली तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तिच्या चौकशीनंतर १९२९ साली शारदा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९३० पासून चौदा वर्षांखालील मुलीचा व अठरा वर्षांखालील मुलाचा विवाह लावणे गुन्हा ठरला. आगरकर १८९५ सालीच वारले होते. जोश्यांच्या चरित्रात दुसरेही एक पान आहे. १९२० पासून १९२५ पर्यंत ते मध्यप्रांताचे गृहमंत्री, त्या काळच्या भाषेत होम मेंबर, होते. आणि नागपूरचा झेंडा सत्याग्रह १९२३ सालचा. राष्ट्राचा झेंडा घेऊन रस्त्याने जाणाऱ्या तरुणांना तुरुंगात पाठविणाऱ्या सरकारात एक सच्चा उदारमतवादी बसला होता. कायद्याचे राज्य हवे, पण कायदाच परक्याचा असला म्हणजे काय करावयाचे, या कोड्याचे उत्तर नेमस्तांना कधीच सापडले नाही; आणि लोकांनी ते उत्तर गांधींकडे शोधले.

आणखी एक उणीव याहून खोल होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले होते की, रयतेच्या पैशावर वरच्या जातींची मुले शिकतात आणि रयतेची मुले शाळेबाहेर राहतात. नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले ते १९११ साली, आणि १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मधली तीस वर्षे कायदेकौन्सिलांच्या मागण्यांत गेली. मत देण्याचा हक्क मागणाऱ्यांची संख्या मूठभर राहिली, कारण वाचणाऱ्यांची संख्याच मूठभर होती. १८ जानेवारी १९४३ रोजी रानड्यांच्या जन्मदिनी पुण्यास त्याच डेक्कन सभेच्या व्यासपीठावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. रानड्यांचा त्यांनी मोठा गौरव केला. पण हक्कांचे रक्षण कायदा करीत नसून समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, समाजच जर ते हक्क नाकारीत असेल तर कायदा व न्यायालये दुबळी ठरतात, असे त्यांनी बजावले. आणि लिबरल पक्षापाशी विचार होते, संघटना नव्हती, हेही सांगितले. रानड्यांच्या अनुयायांस इतके रोखठोक व इतके आपुलकीने कोणी सुनावले नव्हते.

आता पुन्हा देऊळगावच्या सरहद्दीकडे वळावयाचे. एवढे सर्व दोष पदरी असताही वऱ्हाडात एक गोष्ट रुजली होती: सभा भरविता येई, पत्र काढता येई, सरकारला नावे ठेवता येत, आणि त्याबद्दल शिक्षा झालीच तर ती कलम दाखवून होई. १९३२ साली व १९४२ साली तीही मोकळीक वटहुकमांनी गुंडाळून ठेवली गेली; परंतु गुंडाळावयास काही होते. जालन्याच्या बाजूला पाऊल टाकले की तेही नव्हते. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम होता. त्याप्रमाणे सरकारी परवानगीवाचून सार्वजनिक सभा भरविणे शक्य नव्हते. हैदराबाद संस्थानच्या प्रजेने आपली राजकीय परिषद कोठे भरवावी? १९२३ साली काकिनाड्यास, १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास, १९३१ साली अकोल्यास. स्वतःच्या घराविषयी बोलण्यासाठी दुसऱ्याच्या ओसरीवर जावे, तसा हा प्रकार. संस्थानात स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच १९३८ साली तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, म्हणून त्यांस काढून टाकण्यात आले. त्यांपैकी शेकडो जण सरहद्द ओलांडून आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांस प्रवेश दिला. लॉक व मिल्ल यांचे ग्रंथ ज्यांनी पाहिलेही नव्हते अशा मुलांना नागरिक-स्वातंत्र्य म्हणजे काय ते या प्रवासात कळले.

या सरहद्दीने एक गमतीची गोष्टही घडवून आणली होती. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात निवडणुका होऊ लागल्या. पण मुलूख कायद्याने निजामाचा, म्हणून वऱ्हाडचे मतदार ज्यास निवडीत त्यास सरकार मागाहून ‘नेमीत’ असे, तेव्हा कोठे तो कौन्सिलात बसे. १९३६ साली निजामाशी नवा करार झाला आणि निजामाच्या युवराजास वऱ्हाडचा राजपुत्र ही पदवी मिळाली. देऊळगावच्या मतदाराने मत दिले, पण ज्याची तो प्रजा होता त्या राजाच्या राज्यात मताचे नावच नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. पंचाण्णव वर्षांची सरहद्द पाच दिवसांत पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा व मराठवाडा हे दोन्ही एकाच मुंबई राज्यात आले. त्याआधीच, २६ जानेवारी १९५० पासून, देऊळगाव व जालना या दोन्ही गावच्या माणसांस एकाच घटनेतील कलमे लागू झाली होती: चौदावे समतेचे, एकोणिसावे भाषण व सभा यांचे, एकविसावे जीविताचे, आणि हे हक्क मोडल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेऊ देणारे बत्तिसावे.

बाविसावे कलम मात्र दोन तोंडांचे होते. पकडलेल्या माणसास चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे, असे त्याचा पहिला भाग म्हणे. दुसरा भाग प्रतिबंधक कैदेस मुभा देई. घटना अमलात येऊन महिनाही झाला नाही तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा पार्लमेंटाने मंजूर केला. मद्रासच्या तुरुंगात असलेले कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्या वर्षीच्या मे महिन्यात निकाल लागला. बहुमताने कायदा वैध ठरला आणि गोपालन यांचा अर्ज फेटाळला गेला. परंतु स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासही सांगता येऊ नयेत, असे जे चौदावे कलम त्या कायद्यात घातले होते, ते मात्र न्यायाधीशांनी रद्द केले.